चर्चच्या फलकावरची उलटी अक्षरं: लिसू लोकांविषयी

प्रश्न थोडक्यात असा. अरुणाचलात नामदाफाच्या जंगलात फिरायला गेलेल्या एका वाचकाने गांधीग्राम या लिसू गावातल्या चर्चच्या फलकाचा फोटो काढला. अक्षरं इंग्रजी कॅपिटल, पण त्यांतली बरीच डोक्यावर उभी. सोबतचा वाटाड्या म्हणाला, "हे लोक बर्मातून आले, यांना लिखित इतिहास वगैरे काही नाही." तर हे लोक कोण, ती लिपी कसली, आणि वाटाड्याचं म्हणणं कितपत खरं?

तिबेटी-बर्मी कुळातल्या भाषा हे माझं पंचवीसेक वर्षांचं काम. लिसू त्यात शेजारून आली आणि मग सुटली नाही. वाटाड्याचं वाक्य मी पूर्वी बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे, शिकल्यासवरलेल्यांकडूनही. त्याचा पहिला भाग अर्धाच खरा आहे. दुसरा खोटा आहे, पण तो खोटा का आहे हे सांगायला जरा लांबून यावं लागेल.

आधी फलक. ही लिपी १९१५च्या सुमारास तयार झाली. पहिला आराखडा सारा बा थॉ या बर्मातल्या करेन जमातीच्या धर्मोपदेशकाचा. ('सारा' हे इथे बाईचं नाव नव्हे, 'गुरुजी' अशा अर्थाची उपाधी आहे.) चायना इनलँड मिशनचा जेम्स फ्रेझर याने त्यात सुधारणा केल्या आणि लिपीला नावही त्याचंच चिकटलं. फ्रेझर लंडनचा, शिक्षणाने इंजिनियर, पियानो उत्तम वाजवणारा. १९०८ साली चीनमध्ये आला आणि युन्नान प्रांताच्या पश्चिम टोकाला, आजच्या तेंगचोंगच्या परिसरात राहून लिसू शिकला.

अडचण अशी होती की इंग्रजी सव्वीस अक्षरं लिसूला पुरत नाहीत. लिसूत प आणि फ वेगळे, त आणि थ वेगळे, क आणि ख वेगळे. मराठी माणसाला यात नवल नाही, इंग्रजाला मात्र हा फरक कानाला कळेपर्यंत महिने जातात. नव्या अक्षरांसाठी छपाईचे नवे खिळे ओतायचे, तर त्या डोंगरात ओतणार कोण? जुन्या छापखान्यात ज्यांनी खिळे जुळवलेले पाहिलेत त्यांना पुढची युक्ती लगेच कळेल: आहे तोच खिळा उलटा बसवायचा. सरळ 'पी' म्हणजे प, उलटा 'पी' म्हणजे फ. सरळ 'टी' त, उलटा 'टी' थ. 'के' आणि उलटा 'के' म्हणजे क आणि ख. 'सी' आणि उलटा 'सी', च आणि छ. उलट्या 'व्ही'ला ङ दिला, सरळ 'एक्स'ला श. तुमचा फोटो नीट बघा: एकही अक्षर आरशातल्यासारखं नुसतं डावं-उजवं झालेलं नाही, प्रत्येक उलटं अक्षर पूर्ण अर्धा फेरा फिरलेलं आहे. खिळ्याला तेवढंच करता येतं.

त्यात आणखी एक गंमत आपल्यासाठी आहे. या लिपीत सुटं व्यंजन लिहिलं की त्यात 'आ' हा स्वर धरलेलाच असतो, तो वेगळा लिहीत नाहीत. म्हणजे कपडे रोमन आणि हाडं ब्राह्मी. करेन लिपी बर्मी लिपीतून आलेली, बर्मी ब्राह्मीतून. ही सवय बा थॉकडून आली असावी असा माझा अंदाज आहे.

लिसू ही सुरांची भाषा आहे. तेच अक्षर वरच्या पट्टीत म्हटलं की एक अर्थ, खालच्या पट्टीत दुसरा. हे सूर दाखवायला त्यांनी विरामचिन्हं वापरली: एक टिंब, एक स्वल्पविराम, दोन टिंबं, टिंब आणि स्वल्पविराम, अर्धविराम, अपूर्णविराम. एकूण सहा. त्यामुळे लिसू मजकूर पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की लिहिणारा दर शब्दाला अडखळतोय. सूर चुकण्याचा माझा स्वतःचा अनुभव सांगत नाही. एवढंच सांगतो की लिसू म्हाताऱ्या बायका हसताना हात तोंडावर नेत नाहीत.

आता 'लिखित इतिहास नाही' या वाक्याकडे. लिसूंमध्ये एक जुनी कथा सांगतात. लिपी सगळ्यांनाच मिळाली होती. लिसूंनी ती हरणाच्या कातड्यावर उतरवून घेतली, ते कातडं कुत्र्याने खाल्लं, म्हणून लिसूंकडे लिपी राहिली नाही. अशा कथा त्या डोंगरांतल्या आणखी कितीतरी जमातींत आहेत. कुठे कातडं माणसांनीच भुकेपोटी उकडून खाल्लं, कुठे पुरात गेलं. मिशनऱ्यांनी या कथेत गमावल्याचं दुःख वाचलं, आणि हरवलेलं पुस्तक आम्ही परत आणलं असं सांगणं त्यांना सोयीचंही होतं. मला ती कथा निराळी ऐकू येते. त्या मुलखात लिहिणं येणारा माणूस म्हणजे कर गोळा करणारा, शिपाई मोजणारा, जमिनीवर नाव चढवणारा. अशा शेजारात आपलं कागदपत्र कुत्र्याने खाल्लं हे सांगण्यात थोडा मिस्कीलपणाही असू शकतो.

आणि लिपी हवी झाली तेव्हा लिसूंनी बाहेरच्याची वाट पाहिली असंही नाही. युन्नानच्या वेइशी तालुक्यातला वांग रेनबो हा शेतकरी पूजापाठ करणाराही होता. त्याने १९२०च्या दशकात कोणा मिशनऱ्याच्या मदतीशिवाय स्वतःची लिपी बनवली. ही वर्णमाला नव्हे. इथे प्रत्येक उच्चाराला, म्हणजे पूर्ण अक्षराला, वेगळं चिन्ह आहे आणि एकूण चिन्हं नऊशेच्या वर आहेत. ती पाठ व्हावीत म्हणून त्याने त्यांची पद्यं रचली, आणि स्वर्गाच्या पूजेची लांबलचक गाणी त्या लिपीत उतरवून ठेवली. हा माणूस १९६५ साली वारला. एका माणसाने एका आयुष्यात आख्खी लिपी उभी करावी आणि शेजारपाजारच्यांनी ती शिकावी, असं जगात फार थोड्या वेळा घडलं आहे. माझ्या मते लिसू इतिहासातली ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. फ्रेझरवर चरित्रं निघाली, रेनबोचं नाव विद्यापीठाबाहेर सहसा ऐकू येत नाही.

लिसूंच्याच पूर्वेकडच्या लिपो शाखेसाठी मिशनरी सॅम्युअल पोलार्डच्या लिपीचं एक रूप होतं. १९५७च्या सुमारास चिनी सरकारने पिनयिनच्या, म्हणजे चिनी भाषा रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीच्या, धर्तीवर साधी रोमन लिपी काढून दिली, पण गावांनी तिला फारसा हात लावला नाही, कारण प्रार्थनेची पुस्तकं उलट्या खिळ्यांत होती. शेवटी १९९२ साली सरकारनेच या जुन्या लिपीला मान्यता दिली. २००९ साली ती युनिकोडमध्ये आली: ४० अक्षरं, ६ सूरचिन्हं आणि २ विरामचिन्हं, अशी ४८ चिन्हं. म्हणजे शंभर वर्षांच्या आत या एका समाजात चार लिप्या चालून गेल्या.

आता 'कोण आणि कुठले'. लिसूंची सर्वांत मोठी वस्ती चीनमध्ये आहे. २०१०च्या जनगणनेत ७ लाखांच्या थोडे वर. त्यांतले बरेचसे युन्नानमधल्या नुजियांग लिसू स्वायत्त विभागात. नुजियांग म्हणजेच साल्वीन नदी, बर्मात गेल्यावर थानल्वीन. एका बाजूला गाओलिगोंगची रांग, दुसऱ्या बाजूला बिलुओची, मधे खोल घळ. सपाट जमीन जवळजवळ नाहीच, मक्याची शेतं अशा उतारावर की खालून बघणाऱ्याची मान दुखावी. बर्मात कचिन राज्यात मित्कीना आणि पुताओच्या आसपास लिसू आहेत, उत्तर थायलंडात चियांग माई, चियांग राय, मे होंग सोनच्या डोंगरांत आहेत, आणि काही हजार आपल्याकडे चांगलांग जिल्ह्यात. थायलंडात त्यांना 'लीसॉ' म्हणतात, कचिन लोक 'योयिन' म्हणतात. आपल्या सरकारी कागदांत येणारं 'योबिन' हे नाव त्याच योयिनचं भावंड. ते स्वतः स्वतःला लिसू म्हणवतात.

हे नाव ९व्या शतकातल्या चिनी लेखनात पहिल्यांदा सापडतं. तांग राजवटीतला फान चुओ हा अधिकारी दक्षिणेकडच्या 'रानटी' लोकांची नोंद करताना या लोकांचं नाव लिहून ठेवतो. तेव्हा ते आणखी उत्तरेला आणि पूर्वेला, यांगत्सेच्या वरच्या खोऱ्यात, होते. पुढे १६व्या शतकाच्या मध्यावर लिजियांगचे नाशी सरदार आणि तिबेटी यांच्यात झुंज चालली. शिपाई आणि सारा दोन्ही पुरवून लिसू जेरीस आले. तेव्हा मू बिपा नावाच्या म्होरक्यामागे बरेच लोक मेकाँग ओलांडून, बिलुओ चढून, पलीकडे नुजियांगच्या घळीत उतरले. नुजियांगच्या लिसूंच्या आठवणीत हा मू बिपा अजून जिवंत आहे. १८०१ ते १८०३ या काळात वेइशीत हंग झाबंग या लिसूने उठाव केला, तो चिरडला गेला, आणि पुन्हा माणसं पश्चिमेकडे सरकली. २०व्या शतकाच्या सुरुवातीला त्यांतले काही बर्मातून थायलंडात पोचले.

या हालचालींचा नकाशा काढला तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. लिसू दर वेळी वर सरकतात आणि कडेला सरकतात. सत्ता जिथे विरळ होते तिकडे. १९७०च्या दशकात थायलंडातल्या लिसूंवर काम केलेल्या पॉल डरेनबर्गर या मानववंशशास्त्रज्ञाने नोंदवलं आहे की लिसूंना हुकूम सोडणारा मुखिया अजिबात खपत नाही, आणि डोईजड झालेल्या मुखियाचा काटा कसा काढला याच्या गोष्टी त्यांच्यात भरपूर आहेत. भांडण झालं की गाव फुटतं, अर्धी घरं दुसऱ्या डोंगरावर जातात. फिरती शेती असलेल्या समाजाला ते जमतंही, कारण जमीन तशीही काही वर्षांनी बदलायचीच असते. फक्त हे सगळं स्वातंत्र्याचं गोड चित्र म्हणून रंगवू नका. थायलंडात याच डोंगरशेतीत अफू होती, ती चिनी व्यापाऱ्यांना विकली जायची, आणि घरातली कितीतरी माणसं त्याच अफूने निकामी झाली. १९६९नंतर राजाच्या प्रकल्पांनी अफूच्या जागी कोबी, फळझाडं, कॉफी आणली, तेव्हा गावं एका जागी बसली आणि त्यांच्याबरोबर सरकारही आलं.

एक अपवाद इथेच सांगतो, नाहीतर माझी मांडणी फार सरळ होईल. तेंगचोंगकडचे लिसू चांद्र वर्षाच्या दुसऱ्या महिन्यातल्या अष्टमीला सुऱ्यांच्या शिडीचा उत्सव करतात. आदल्या रात्री निखाऱ्यांवरून अनवाणी नाचायचं, दुसऱ्या दिवशी उंच खांबांना पात्याकडून वर बसवलेल्या, बहुधा ३६, सुऱ्यांच्या पायऱ्या अनवाणीच चढायच्या. हे कुणाच्या स्मरणार्थ? मिंग राजवटीच्या वांग जी या सेनापतीच्या. त्याने लिसूंना सीमा राखायला शिकवलं आणि दरबारातल्या दुष्टांनी त्याला याच दिवशी विष घालून मारलं, अशी कथा. खरा वांग जी १४४०च्या दशकात या भागात मोहिमांवर आला होता हे बरोबर, पण तो ऐंशी पार करून १४६०मध्ये वारला. तर राजापासून पळणाऱ्यांच्या सर्वांत नेत्रदीपक सणाच्या मध्यभागी राजाचाच सेनापती आहे, आणि तोही दरबाराने मारलेला. यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही, पण विष घालणारा दरबार कथेत का लागतो याचा विचार करण्यासारखा आहे.

राजा नाही, मग समाज बांधून कशाने ठेवला? कुळांनी. अस्वल, मासा, मधमाशी, वाघ, बकव्हीटचं धान्य अशा नावांची कुळं असतात, आणि एकाच कुळात लग्न होत नाही. आपल्याकडचं देवक आठवा, तेच तत्त्व. चिनी नोंदवहीत आडनाव लिहायची वेळ आली तेव्हा मासा कुळाने 'यू' हे आडनाव घेतलं, कारण चिनीत माशालाही यूच म्हणतात. बकव्हीटवाल्यांनी त्याच न्यायाने 'च्याओ'. वाचणाऱ्या कारकुनाला ते साधं चिनी आडनाव दिसतं. मुलांची नावं बहुतेकदा जन्माच्या क्रमावरून, पुरुषाला शेवटी 'पा', बाईला 'मा'. आत्मे आणि पितर यांच्याशी बोलणारा तो 'नीपा'. थायलंडातल्या गावांत वस्तीच्या वरच्या अंगाला ग्रामरक्षक आजोबांचं छोटं ठाणं असतं.

शस्त्र म्हणजे आडवं धनुष्य, चाप असलेलं, बाणाच्या टोकाला बचनागाचं विष. १९११मध्ये इंग्रजांनी बर्माच्या बाजूने पिएनमा हे सीमेवरचं ठिकाण बळकावलं तेव्हा लिसू याच धनुष्यांनी लढले, असं चिनी इतिहासात अभिमानाने सांगतात. नदी ओलांडायला दोर, आधी वेलीचा किंवा बांबूचा, मग पोलादी तारेचा. लाकडी घोडी तारेवर अडकवून, कंबरेला दोरी बांधून पलीकडे सुटायचं, बाजारचं डुक्करही तसंच न्यायचं. गेल्या दशकात सरकारने बहुतेक तारांच्या जागी पूल बांधले आणि डोंगरावरची लाखभर माणसं खाली इमारतींत आणून वसवली. चाळिशीतल्या माणसाला विचारलं तर तो पुलाबद्दल आनंदाने बोलतो. इमारतीबद्दल विचारलं की कोंबड्या कुठे ठेवायच्या यावर गाडी येते.

भाषेबद्दल एकच गोष्ट, कारण ती मला सगळ्यांत आवडते. लिसूत कर्ता आणि कर्म ओळखायला आपल्यासारखे ने, ला नाहीत. 'माणसं म्हणाल तर, कुत्रा चावणे' अशा घडणीचं वाक्य ते बोलतात. माणूस कुत्र्याला चावला की कुत्रा माणसाला, हे वाक्यात नसतं. संदर्भाने आणि जगाच्या अनुभवाने ते कळतं. १९७६ साली चार्ल्स ली आणि सँड्रा थॉम्पसन यांनी या उदाहरणावर बोट ठेवून 'कर्ता' ही कल्पना प्रत्येक भाषेला लागतेच का, असा प्रश्न उभा केला. आज जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत लिसूचं नाव येतं ते मुख्यतः यासाठी.

ख्रिस्ती धर्म मोठ्या संख्येने आला तो १९१६नंतर, आणि पसरवला मुख्यतः लिसू प्रचारकांनी, गावोगाव चालत. ख्रिस्ती लिसूंनी दारू आणि तंबाखू सोडली. दोन माणसांनी गालाला गाल लावून एकाच पेल्यातून पिण्याची जुनी रीत त्यांच्या घरांतून गेली, आणि पिण्याभोवतीची गाणीही. त्या जागी चार आवाजांतलं समूहगान आलं. वाद्य नाही, संचालकही असलाच तर गावातलाच शेतकरी, आणि अख्खं गाव चार पट्ट्यांत एकत्र गातं. जुनी गाणी बिगरख्रिस्ती गावांत टिकली. वेइशीतला 'आ-छ मूग्वा' हा बकऱ्यांच्या आवाजाची नक्कल करणारा नाचगाण्याचा प्रकार २००६पासून चीनच्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत आहे.

आता आपल्या बाजूचं. पुताओकडून पात्काईच्या रांगा ओलांडून लिसू नोआ-दिहिंगच्या वरच्या खोऱ्यात आले. ज्या सीमेवर आज विजयनगर आहे ती तेव्हा जमिनीवर कुणी आखलेली नव्हती. १९६१मध्ये मेजर जनरल गुराया यांच्या नेतृत्वाखाली आसाम रायफल्सची तुकडी तिथे पोचली तेव्हा लिसू गावं आधीच वसलेली होती. जागेचं लिसू नाव दाओदी. गुराया यांनी मुलाच्या नावावरून तिला विजयनगर म्हटलं. पुढे तिथे निवृत्त जवानांची कुटुंबं, बहुतांश नेपाळीभाषक, वसवली गेली, आणि मूळचे लिसू बरीच वर्षं कागदोपत्री निर्वासितासारखे राहिले. म्हणून 'बर्मातून आले' हे वाक्य तिथे इतिहासाचं वाक्य म्हणून ऐकू येत नाही, त्याला दाखल्याचा आणि मतदारयादीचा वास असतो. डिसेंबर २०२०मध्ये विजयनगरात सरकारी कार्यालयं जळली, तो वादही या वसाहतकऱ्यांना पंचायतीत मत असावं की नाही यावरूनच पेटला.

१९८३मध्ये नामदाफा राष्ट्रीय उद्यान आणि व्याघ्र प्रकल्प झालं, १,९८५ चौरस किलोमीटर, आणि काही लिसू कुटुंबं त्याच्या आत 'अतिक्रमणदार' ठरली. शिकारीमुळे जंगल रिकामं होतंय ही वनखात्याची तक्रार खोटी नव्हती. पण त्या जंगलाची वाट माहीत असलेली माणसंही तीच होती, आणि नंतर काही संशोधकांनी त्यांनाच बरोबर घेऊन प्राण्यांची मोजणी केली. मिआओ ते विजयनगर हा १५७ किलोमीटरचा रस्ता १९७०च्या दशकात काढला, तो दरडींनी आणि पावसाने खाल्ला, आणि त्यानंतर कित्येक वर्षं मीठसुद्धा पाठीवरून नाहीतर हेलिकॉप्टरने येत होतं. पाच-सहा दिवस चालून मिठाची पिशवी आणणाऱ्या माणसाला परका म्हणायला फार कोरडं मन लागतं, पण म्हणणारे भेटतात.

तुमच्या वाटाड्याने जे सांगितलं ते त्याने कुठेतरी ऐकलेलंच असणार, त्याला दोष देत नाही. पुढच्या वेळी तोच फलक त्याला दाखवा. फोटोत ओळीच्या शेवटी बरोबरच्या चिन्हासारख्या दोन आडव्या रेघा दिसतात, त्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत. टिंबं आणि स्वल्पविराम सगळे सुरांच्या कामाला लागल्यामुळे वाक्य संपवायला लिसूंना वेगळं चिन्ह घ्यावं लागलं. त्या दोन रेघा म्हणजे त्यांचा पूर्णविराम.